एकट्यानं लांब ग्रॅव्हल राइड: ठरवायचं ते घरीच ठरवा

ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या, खडीच्या रस्त्यावरची शंभर किलोमीटरची सायकल राइड चुकांसकट पार पडते. खाणं कमी पडलं, सीट जरा खाली राहिली, हातमोजे विसरले, तरी माणूस घरी पोचतो, जेवतो, झोपतो आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरतो. तीनशेच्या पुढे तसं होत नाही. पन्नासाव्या किलोमीटरला बुटात शिरलेल्या बारीक खड्याचा दीडशेला फोड होतो. फोड टाळायला पाय तिरका पडतो आणि अडीचशेला गुडघा धरतो. नेमकं तेव्हाच डोकं इतकं दमलेलं असतं की थांबावं की पुढे जावं, एवढंही सुचत नाही. सोबत कुणी असेल तर तो म्हणतो, "थांब, आधी काहीतरी खा." एकट्याला हे सांगायला कुणी नसतं.

म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. जे निर्णय ताज्या डोक्यानं घेता येतात ते घरीच घ्यायचे, कागदावर लिहायचे आणि रस्त्यावर नुसते पाळायचे. 'लांब' म्हणजे किती, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. अमेरिकेत कॅन्ससमधल्या एम्पोरियाहून निघणारी अनबाउंड ही शर्यत २००६ मध्ये ३४ जणांनिशी सुरू झाली. तिचं मुख्य अंतर २०० मैल, म्हणजे सुमारे ३२० किमी आहे आणि एक्सएल गटाचं सुमारे ५६० किमी. टूर डिव्हाइड तर कॅनडातल्या बॅन्फपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत चार हजारांहून अधिक किलोमीटर जाते, तीही बाहेरून ठरवून आणलेल्या मदतीशिवाय. मी इथे ३०० ते ६०० किमीची, मध्ये किमान एक रात्र येणारी राइड धरून लिहितो आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यानं ३०० घ्यावेत.

आधी रस्ता, मग तारीख

कोमूट किंवा राइड विथ जीपीएसवर मार्ग आखायला अर्धा तास लागतो. तो तपासायला दोन संध्याकाळी द्या. ही ॲप्स रस्ता कच्चा की पक्का हे ओपनस्ट्रीटमॅपवरच्या नोंदींवरून सांगतात आणि त्या नोंदी कुणीतरी हातानं भरलेल्या असतात. 'ग्रॅव्हल' लिहिलेला रस्ता प्रत्यक्षात मऊ मुरुमाचा असू शकतो, मुठीएवढ्या दगडांचा असू शकतो किंवा गवतात हरवलेला असू शकतो. उपग्रहाच्या चित्रात पूर्ण मार्ग नजरेखालून घाला. चाकोऱ्यांच्या दोन स्पष्ट रेघा दिसतात का, ओढ्यावर पूल आहे का, फाटक दिसतं का, ते बघा. शंका आली त्या जागी खूण करून पर्यायी रस्ता आत्ताच आखून ठेवा.

मग वेळेचा हिशेब. डांबरावर तुमचा सरासरी वेग २५ असेल तर भरलेल्या सायकलवर, कच्च्या रस्त्यावर तो १६ ते १८ धरा. त्यात थांबण्याचा वेळ मिळवला की हातात १३-१४ उरतात. म्हणजे ३०० किमीला बावीस-तेवीस तास. हा आकडा बघून बरेच जण चपापतात, पण तो घरी बघितलेला बरा.

पाण्याच्या दोन ठिकाणांमधलं अंतर किलोमीटरमध्ये न मोजता तासांत मोजा. सपाट ३५ किमीला दोन तास लागतात आणि त्याच ३५ मध्ये १२०० मीटर चढ असेल तर चार. कोरड्या टप्प्यात दोन बाटल्या पुरणार नाहीत हे कागदावर दिसलं की फ्रेमबॅगेत दोन लिटरची मऊ पिशवी जाते. ते रस्त्यावर कळलं तर उपाय नसतो.

हे सगळं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर उतरवा: किती किलोमीटरला पाणी, कुठे खाणं, ते किती वाजता बंद होतं, आणि कुठून सर्वांत जवळच्या मोठ्या रस्त्याला लागता येतं. कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून फ्रेमच्या वरच्या नळीवरच्या बॅगेत ठेवा. आखलेल्या मार्गाची जीपीएक्स फाइल सायकलच्या कॉम्प्युटरवर आणि फोनवर, दोन्हीकडे ऑफलाइन हवी.

मातीचाही विचार याच वेळी. चिकण माती ओली झाली की चाक आणि फ्रेममधली जागा भरून सायकल अक्षरशः थांबते. २०२३ च्या अनबाउंडमध्ये सुरुवातीच्याच चिखलात भलेभले सायकल खांद्यावर घेऊन चालत होते, आणि चिखल खरवडायला कित्येकांनी रंग ढवळायच्या लाकडी पट्ट्या सोबत ठेवल्या होत्या. अशा मातीत पॅडलवर जोर देऊन पुढे रेटू नका, डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) आणि त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर तिथेच तुटतात. उतरा, खरवडा, कडेच्या गवतावरून चाला. पाऊस झाला तर कुठला टप्पा गाळायचा, हेही त्या कागदावर लिहा.

सायकल

टायरबद्दल कंजुषी करू नका. फ्रेममध्ये बसत असेल तर ४५ मिलिमीटरचा ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) टायर घ्या. अरुंद टायर पहिल्या शंभरात वेगवान वाटतो आणि पुढच्या दोनशेत प्रत्येक दगड मनगटापर्यंत पोचवतो. मी सामानासकट पंच्याऐंशी-नव्वद किलो वजनाला हवेचा दाब पुढे २८ आणि मागे ३१ पीएसआय ठेवतो. तुमचा आकडा सरावात शोधा: दगडावर रिम ठेचला जात असेल तर दोन पीएसआय वाढवा, सायकल खडीवर नाचत असेल तर दोन कमी करा. सीलंट, म्हणजे टायरच्या आत राहून भोक बुजवणारा द्रव, काही महिन्यांत आतल्या आत वाळतं, त्यामुळे राइडच्या आठवडाभर आधी प्रत्येक चाकात ताजं घाला.

गिअरमध्ये पुढच्या चक्रीपेक्षा मागची सर्वांत मोठी चक्री मोठी हवी. पुढे ४० दाते असतील तर मागे किमान ४२. ताज्या पायांना हा गिअर विनोदी वाटतो, पण अठराव्या तासाला सुट्या खडीच्या चढावर बसून पॅडल मारता येतं ते त्याच्याच जिवावर.

सीटची उंची, हँडलबार, बूट, क्लीट (बूट पॅडलला अडकवणारा तुकडा) यातलं काहीही शेवटच्या तीन आठवड्यांत बदलू नका. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. पण हे शोध आधी लावायचे. ब्रेक पॅड मिलिमीटरभर उरले असतील तर बदलून घ्या, ओली वाळू एका दिवसात उरलेलं संपवते. चेन किती झिजली ते मोजा. क्रँकपासून बॉटल केजपर्यंत प्रत्येक स्क्रू हातानं तपासा, कारण पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेला रस्ता तासाभरात काहीही सैल करतो.

सराव

दर आठवड्याला अंतर वाढवत नेण्यापेक्षा शनिवार-रविवार लागोपाठ लांब चालवणं जास्त उपयोगी पडतं, कारण दुसऱ्या दिवशी दमलेल्या पायांवर बसायची सवय होते. सर्वांत लांब सराव ठरलेल्या अंतराच्या साठ-सत्तर टक्के झाला की पुरे. दोन सराव मात्र चुकवू नका. एक रात्रीचा, पूर्ण अंधारात, कच्च्या रस्त्यावर. दुसरा पूर्ण सामानासह, तेच कपडे, तेच खाणं, त्याच बॅगा. शेवटचे दहा-बारा दिवस अंतर निम्म्यावर आणा आणि झोप वाढवा.

सामान कुठे ठेवायचं

जड वस्तू फ्रेमच्या त्रिकोणात, तळाशी: हत्यारं, पाणी, पॉवरबँक. सीटमागच्या लांब बॅगेत हलकं आणि मऊ: जॅकेट, कोरडा बनियन, थर्मल बिवी (अंगाची ऊब धरणारी हलकी झोपायची पिशवी). ती बॅग जड झाली की दर खड्ड्याला झोका घेते. चालवताना हात जातो त्या वरच्या नळीच्या बॅगेत फक्त पुढच्या दोन तासांचं खाणं, कागद, लिप बाम आणि टिश्यू.

एका वस्तूला एकच जागा, आणि ती कधीही बदलायची नाही. रात्री दोन वाजता सगळ्या बॅगा उपसत बसणाऱ्याचा अर्धा तास जातो, अंगातली ऊबही जाते आणि एखादी वस्तू तिथेच राहते.

दुरुस्ती: हात थरथरत असताना जमेल तेवढीच

एकदा रात्री पावणेतीनला चढावर गिअर बदलताना माझी चेन तुटली. दुरुस्ती पाच मिनिटांची होती. तुटलेली कडी चेन ब्रेकरनं काढायची, क्विक लिंकचे, म्हणजे हातानं जोडता येणाऱ्या कडीचे, दोन तुकडे अडकवायचे, झालं. मी हेडलाइट सायकलवरच ठेवून तिच्या कडेच्या उजेडात, थंडीनं आखडलेल्या बोटांनी पाकीट फोडलं आणि दोनातला एक तुकडा खडीत पडला. राखाडी खडीत राखाडी तुकडा. गुडघ्यांवर बसून तळहातानं एकेक इंच चाचपत मी तो चाळीस मिनिटं शोधला. सापडला तो माझ्याच बुटाच्या तळाखाली.

तेव्हापासून तीन गोष्टी कायमच्या झाल्या. डोक्यावर छोटा दिवा. दुरुस्तीच्या पिशवीत हातभर रंगीत कापड, जे अंथरल्याशिवाय काहीच उघडायचं नाही. आणि तुमची चेन जितक्या गिअरची असेल तितक्याच गिअरच्या दोन क्विक लिंक, त्यातली एक ब्रेकच्या केबलवर चिकटपट्टीनं बांधलेली.

ट्यूबलेसचं पंक्चर झालं की आधी चाक फिरवून भोक खाली आणा आणि सीलंटला अर्धा मिनिट द्या. थांबलं नाही तर प्लग: चिकट दोरी सुईत ओवून भोकात खुपसा, टोकं बाहेर ठेवून सुई झटक्यात ओढा, हवा भरा. बाजूच्या भिंतीला चीर पडली असेल तर आतून तुकडा लावून ट्यूब घालावी लागते, आणि इथे बहुतेक जण एक चूक करतात. ट्यूबलेस टायरमध्ये महिनोन्महिने काटे रुतलेले असतात. सीलंटनं भोक बुजवलेलं असतं म्हणून ते कळत नाहीत, पण नवी ट्यूब घातली की पाच मिनिटांत तीही पंक्चर होते. ट्यूब घालण्याआधी टायर आतून पूर्ण गोल फडक्यानं पुसा, जिथे फडकं अडकेल तिथला काटा काढा. व्हॉल्व्हची चकती घरीच पक्कडीनं सैल करून मग बोटांनी आवळून ठेवा, नाहीतर रस्त्यावर ती हातानं सुटत नाही.

यापलीकडे मल्टिटूल, पंप, दोन ट्यूब, तुमच्या फ्रेमचाच डिरेलर हँगर, एक जोडी ब्रेक पॅड, केबल टाय, पंपाभोवती गुंडाळलेली चिकटपट्टी आणि चेनचं तेल. जी दुरुस्ती घरी डोळे मिटून जमत नाही तिचं हत्यार नेऊन फायदा नाही. आधी ती शिका.

वीज

१०,००० एमएएचची पॉवरबँक म्हणजे ३७ वॉट-तास. तारेत आणि उष्णतेत काही भाग जातो, हातात पंचवीसेक पडतात, म्हणजे फोनचा साधारण दीड चार्ज. थंडीत त्याहून कमी. एका रात्रीसाठी दोन पॉवरबँक न्या, वेगवेगळ्या बॅगांत. दिव्याच्या खोक्यावर लिहिलेले तास बहुधा सर्वांत मंद प्रकाशाचे असतात. तुम्ही वापरणार तो प्रकाश लावून घरात घड्याळ लावून मोजा. चाक फिरताना वीज बनवणाऱ्या डायनॅमो हबची वीज (६ व्होल्ट, ३ वॉट) फुकटची वाटते, पण चार्जिंगसाठी साधारण १५ किमीचा वेग लागतो आणि खडीच्या चढावर आपण आठनं जात असतो. हब आणि चाक तुमच्याकडे आधीच नसेल तर एका राइडसाठी त्या वाटेला जाऊ नका. फोन विमान मोडवर ठेवा, ठरलेल्या वेळीच उघडा.

खाणं आणि पाणी

अर्ध्यावर सोडलेल्या बहुतेक राइडचं मूळ पोटात सापडतं, म्हणून इथे सावकाश वाचा.

स्नायू आणि यकृतात मिळून साधारण दोन हजार कॅलरींची साखर साठलेली असते. लांब राइडला तासाला साडेचारशे ते सहाशे कॅलरी लागतात. साठा एकटा चार-पाच तासांत संपेल. उरलेलं चरबीतून येतं, पण चरबी सावकाश जळते, म्हणून वेग सावकाश ठेवावा लागतो आणि वरून तासाला ५० ते ७० ग्रॅम कर्बोदकं घालत राहावी लागतात. ग्लुकोज आतड्यात एका वाटेनं शोषलं जातं आणि ती वाट तासाला साठेक ग्रॅमला भरते. फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे, म्हणून दोन्ही मिसळून घेतलं तर जास्त पचतं. साध्या साखरेत दोन्ही निम्मे-निम्मे असतात. माझ्या एका बाटलीत पाऊण लिटर पाणी, ४० ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम मीठ असतं, त्यातून सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम मिळतं. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅम कर्बोदकं असतात. बाटली आणि केळं मिळून तासाचं काम होतं. दुसऱ्या बाटलीत नेहमी साधं पाणी.

घड्याळात दर वीस मिनिटांनी गजर लावा आणि तो वाजला की एक घास खा, भूक असो वा नसो. भूक लागेपर्यंत वाट बघणाऱ्याला उशीर झालेला असतो. विनाकारण राग येणं, रस्ता संपतच नाही असं वाटणं, रडू येणं ही पहिल्यांदा भुकेचीच लक्षणं समजा. खा, पंधरा मिनिटं थांबा, मग राइड सोडायची का ते ठरवा. हे वाक्य मी हँडलबारवर चिकटपट्टीवर लिहून लावतो, आणि त्यानं माझ्या दोन राइड वाचवल्या आहेत.

सहा-आठ तासांनी गोडाचा वीट येतो. तेव्हा खारट आणि चावायचं काहीतरी लागतं: उकडलेले बटाटे मीठ लावून, ब्रेड, खारे शेंगदाणे. दोन्ही चवींचं खाणं सुरुवातीपासून सोबत हवं. पाणी हवेप्रमाणे तासाला अर्धा ते पाऊण लिटर, कडक उन्हात त्याहून जास्त. तहानेपलीकडे नुसतं साधं पाणी ढोसत राहिल्यानं रक्तातलं सोडियम उतरतं. बोटं सुजणं, डोकं दुखणं, मळमळणं, पोट डचमळणं असं एकत्र दिसलं तर पाणी थांबवा आणि खारट खा. त्यात गोंधळल्यासारखं वाटायला लागलं तर राइड थांबवून मदत बोलवा.

वेग

पहिले तीन तास हळू वाटलेच पाहिजेत. पूर्ण वाक्य मोठ्यानं म्हणता येत नसेल तर तुम्ही जास्त जोर लावताय. पॉवर मीटर असेल तर एफटीपीच्या (साधारण तासभर टिकवता येणाऱ्या कमाल पॉवरच्या) ६० टक्क्यांच्या आसपास राहा, चढावर ७५ ओलांडू नका. एकट्याला अडवायला कुणी नसतं आणि सकाळी पाय ताजे असतात, त्यामुळे जास्तीचा जोर इथेच जातो.

वेळ वाचवायचा तो थांबण्यात. दर दोन तासांना वीस मिनिटं बसलात तर बावीस तासांत साडेतीन तास गेले. थांबण्याआधी, चालवतानाच मनात यादी म्हणा: बाटल्या, क्रीम, चेनला तेल, संदेश. उतरून तीच करा आणि निघा.

अंगाच्या तक्रारी

नियम एकच आहे: लहान असतानाच थांबून मिटवायचं. बुटात खडा गेला, थांबा. मोज्याला सुरकुती पडली, थांबा. तीन मिनिटं जातात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होणं म्हणजे तळव्यातली नस दबते आहे. पकड दर दहा मिनिटांनी बदला, हँडलबारला जाड टेप लावा, जमलं तर एरोबार (पुढे निघालेले दोन दांडे) लावा, त्यावर कोपर टेकून हातांना सुट्टी मिळते. सीटवर घासणाऱ्या जागी निघताना क्रीम, मग दर चार-पाच तासांनी पुन्हा. रात्री दुसरी, कोरडी शॉर्ट घालता आली तर उरलेली राइड वेगळीच होते. टाचेच्या वरची शीर करकरायला लागली तर सीट दोन-तीन मिलिमीटर खाली घ्या. सरावातली सेटिंग बदलायची परवानगी मी फक्त इथे देतो.

रात्र आणि झोप

अंधार पडण्याआधी, उजेडातच थांबून दिवे लावा, स्वच्छ चष्मा घाला, जॅकेट वर काढा. दर हजार मीटर उंची वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणून मोठा उतार सुरू होण्याआधी माथ्यावरच कपडे चढवा. खाली पोचेपर्यंत घामेजलेलं अंग गारठतं, आणि गारठलेल्या बोटांनी ब्रेक नीट दाबला जात नाही. सायकलवरचा दिवा रस्त्यासाठी, डोक्यावरचा वळणासाठी आणि हातातल्या कामासाठी.

पहाटे तीन ते पाच हा शरीराचा सर्वांत खालचा काळ. सरावलेल्यालाही तो चुकत नाही. रस्त्याच्या कडेला माणसं उभी दिसतात आणि जवळ गेल्यावर ती झुडपं निघतात. मागचे दोन किलोमीटर कसे आलो हे आठवत नाही. दुसरं लक्षण दिसलं की वाद घालायचा नाही, लगेच थांबायचं. गार पाणी, गाणी, स्वतःला चापट्या यांनी क्षणभराची डुलकी अडत नाही, आणि उतारावर तो एक क्षण पुरतो.

थांबण्याची पद्धत ठरलेली हवी. रस्त्यापासून आत, वाहन पोचणार नाही अशी कोरडी जागा. आधी ओला बनियन काढून कोरडा, मग बिवी. सायकल हाताला लागेल अशी आडवी. झोपण्याआधी घोटभर कॉफी किंवा कॅफिनची गोळी घ्या. तिचा अंमल चढायला अर्धा तास लागतो, तोवर वीस मिनिटांची झोप होऊन जाते. दोन गजर लावा. वेळ असेल तर वीसऐवजी नव्वद मिनिटं झोपा. पाऊण तासाच्या आसपास गाढ झोपेतून उठलं की माणूस बराच वेळ भांबावलेला राहतो. दिवसभर कॅफिन टाळलंत तर रात्री ते खरोखर काम करतं.

एकटेपणाचा बंदोबस्त

घरचा एक माणूस निवडा, एकच. त्याला मार्ग, कागदाची प्रत आणि लिहिलेला नियम द्या: अमुक वाजता संदेश येईल, तो आला नाही तर इतका वेळ थांबायचं, मग अमक्याला फोन करायचा. 'काळजी करू नकोस' असं मोघम सांगून निघालात तर त्यानं कधी हालचाल करायची हे त्यालाच कळत नाही. फोनला रेंज नसलेला टप्पा दोन तासांहून मोठा असेल तर उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्यानं का होईना घ्या, आणि ते सायकलवर न ठेवता अंगावर ठेवा. पडल्यावर सायकल दरीत आणि तुम्ही काठावर असू शकता.

राइड कधी सोडायची तेही आदल्या रात्री लिहा. माझ्या कागदावर चार ओळी आहेत: डोक्याला मार लागला, हेल्मेटला तडा गेला, अंगावरचं सगळं घालूनही वीस मिनिटांत थरथर थांबली नाही, दुखण्यामुळे एका पायानं पॅडल मारावं लागलं. यातलं एक झालं की सर्वांत जवळच्या मोठ्या रस्त्याला लागायचं. यात नसलेल्या कारणासाठी सोडावंसं वाटलं तर आधी खायचं, मग वीस मिनिटं झोपायचं, मग बघायचं.

पोचल्यावर

स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नका. सायकलवरची सावधगिरी मऊ सीटवर बसताच उतरते. कुणाला तरी बोलवा किंवा तिथेच झोपा. खाणं पहिल्या तासात, आंघोळ त्यानंतर, आणि फोड असतील तर ते कापडानं झाकून. बोटांचा बधिरपणा काही दिवस राहू शकतो. दोन आठवड्यांनीही गेला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

दुसऱ्या दिवशी बॅगा जमिनीवर उपडी करा आणि दोन ढीग करा: वापरलेलं आणि न वापरलेलं. हत्यारं, प्रथमोपचार आणि बिवी सोडून न वापरलेल्या ढिगातलं पुढच्या वेळी घरी राहील. मग मार्गाचा कागद काढा आणि पाणी, वेळ, थंडी यांचा जिथे जिथे अंदाज चुकला तिथे लाल पेनानं खरा आकडा लिहा. माझ्या पहिल्या कागदावर अशा अकरा लाल खुणा होत्या. चौथ्या राइडच्या कागदावर तीन.